बाळ झाल्याबरोबर अंगावर पाजायला घेताना: पहिल्या तासापासून पहिल्या आठवड्यापर्यंत

बाळंतपणाच्या वॉर्डात दुसऱ्या रात्री एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दूधच उतरलं नाही की हो हिला!" बाळ रडत असतं, बाळंतीण रडवेली झालेली असते आणि घरातलं कुणीतरी पावडरचा डबा आणायला खाली मेडिकलात निघालेलं असतं. खरं तर त्या रात्री बहुतेक बायकांच्या अंगात बाळाला पुरेल इतकं दूध असतं. थोडं असतं, कारण बाळाची गरजच तेवढी असते. हे आधी माहीत असलं तर डबा आणायला जाणारा माणूस दारातूनच परत फिरतो.

दिवस भरत आले की

आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हा स्तनाग्रं एकदा सिस्टरांना दाखवून घ्या. ती चपटी किंवा आत ओढलेली असली तरी पाजता येतं, फक्त सुरुवातीला मदत लागते. आत्तापासून ती ओढत-चोळत बसू नका, त्याचा उपयोग नाही. बाळंतपणाच्या पिशवीत इतर सामानाबरोबर या वस्तू टाका: पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन किंवा ब्लाउज, बाळाची टोपी, मऊ धुतलेली सुती फडकी, स्टीलची एक छोटी वाटी आणि एक चमचा. दुधाची बाटली घेऊ नका. सोबत असली की रात्री तीनला ती बाहेर निघतेच.

ताई कार्ड, म्हणजे कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं तपासण्यांच्या नोंदींचं कार्ड, विसरू नका. (कानडीत 'तायी' म्हणजे आई. आपल्याकडे मात्र सगळे ते बहिणीचं कार्ड असल्यासारखं म्हणतात.) पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडे असेल तर कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या, तिथल्या आशाताईकडेही नाव घाला. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात तारखेच्या आधीच रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहिलेलं बरं.

बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, कुठेही गेलात तरी ड्युटीवरच्या सिस्टर कानडी बोलणाऱ्या असू शकतात. बहुतेकींना मराठी समजतं, पण रात्रीच्या घाईत दोन-तीन वाक्यं पाठ असलेली बरी:

"कूसिगे एदे हालु कुडिसबेकु, स्वल्प सहाय माडी." (बाळाला अंगावर पाजायचंय, थोडी मदत करा.)
"कूसु हालु कुडीतिल्ल." (बाळ दूध पीत नाही.)
"पुडी हालु कोडबेडी." (पावडरचं दूध देऊ नका.)

कळा सुरू होऊन दवाखान्यात गेल्या-गेल्याच सांगून ठेवा की बाळ लगेच अंगावर ठेवायचंय. सोबत आलेल्या आईला किंवा सासूबाईंनाही आधी कल्पना द्या. बाळ बाहेर येतं तेव्हा बाळंतिणीच्या तोंडून शब्द निघायची शक्ती नसते.

पहिला तास

बाळ रडलं, श्वास नीट चालू आहे, की त्याला कोरडं करून थेट आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं. मधे कापड नको. पाठीवर कोरडं उबदार फडकं, डोक्यावर टोपी. मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं. आईला ग्लानी असते, म्हणून कुणीतरी शेजारी थांबून बाळाच्या रंगावर आणि श्वासावर लक्ष ठेवायला हवं. बेळगावच्या थंडीत आणि पावसाळी गारठ्यात दोन गोधड्यांपेक्षा आईच्या अंगाची ऊब जास्त कामाची, हे खोटं वाटेल पण खरं आहे. वजन, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, कपडे घालणं हे सगळं तासाभराने केलं तरी चालतं.

बाळाचे हात पुसू नका. त्यांना गर्भजलाचा वास असतो आणि स्तनाग्राभोवतालच्या काळ्या भागालाही तसाच वास येतो. त्या वासाच्या मागाने बाळ स्वतःच सरकायला लागतं. आधी नुसतं पडून राहतं, मग हात चोखतं, लाळ येते, पाय रेटतं, डोकं आपटत-आपटत स्तनापाशी पोचतं. यात अर्धा ते एक तास जातो. घाईने त्याचं डोकं धरून तोंडात कोंबलं तर ते मान मागे टाकतं, आणि मग 'बाळ घेतच नाही' असा शिक्का बसतो. पहिला तास-दीड तास बाळ जागं असतं, नंतर बरेच तास गाढ झोपतं. ती वेळ हुकली तर पुढे जमत नाही असं नाही, पण मेहनत वाढते.

लवकर चोखण्याचा आईलाही फायदा आहे. त्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं, गर्भाशय आवळतं, रक्तस्राव कमी होतो. पाजताना ओटीपोटात कळ येते ती याचीच. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ही कळ जास्त जाणवते.

सिझेरियन झालं असेल तर? कमरेत भूल दिलेली असते, आई शुद्धीवर असते, त्यामुळे टेबलवर किंवा बाहेर आणल्याबरोबर बाळ छातीशी देता येतं. पहिल्या तासात नाहीच जमलं तर पहिल्या चार तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. पूर्ण भूल दिली असेल तर आई भानावर आली की लगेच. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, नाहीतर बाळ काखेखालून घ्या: पाय आईच्या पाठीकडे, डोकं तळहातावर, खाली उशी. सिझेरियननंतर नेहमी देतात ती वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्स सहसा पाजण्याच्या आड येत नाहीत. तरी शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने पाजणं थांबवू नका.

चीक

पहिले दोन-तीन दिवस येतं ते पिवळसर, घट्ट, चिकट दूध म्हणजे चीक. चमच्यात घेतलं तर ओघळायला वेळ लावतं. काही जणींचा चीक पाण्यासारखा पातळही असतो, तेही ठीकच. गाय व्याली की आपण तिच्या चिकाची वाट बघतो, गिण्णु-खरवसासाठी शेजारच्या घरी तांब्या पाठवतो. आणि बाळंतिणीचा चीक मात्र 'साठलेलं, जड दूध' म्हणून पिळून टाकायला सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खरवसाचीच आठवण करून द्यावी.

चिकात रोगाशी लढणारे घटक दाट असतात, शिवाय त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. पहिल्या दिवशी एका वेळेला बाळाला मिळतो तो २ ते १० मिली. पोटाची पिशवीच अजून लहान असते. त्या पिशवीत ३० मिली पावडरचं दूध ओतलं की बाळ फुगून झोपतं, घरचे म्हणतात "बघा, आता कसं पोट भरलं," आणि पुढचे चार तास बाळ चोखत नाही. चोखलं नाही की अंगाला निरोप जात नाही, निरोप नाही म्हणून दूध वाढत नाही, दूध वाढत नाही म्हणून पुन्हा पावडर. 'दूध आलंच नाही' म्हणणाऱ्या कितीतरी घरांत सुरुवात त्या पहिल्या ३० मिलीपासून झालेली असते.

तोंडात नीट धरलं का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दूध कमी, चिरा पडणं, गाठी होणं, बाळाचं वजन न भरणं, या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच: बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलेलं असतं. दूध येतं ते स्तनाग्राच्या मागच्या भागातून, आणि तो भाग बाळाच्या जिभेवर आल्याशिवाय दूध नीट निघत नाही.

१. आधी आईने टेकून बसावं. पाठीला भिंत किंवा उशी, पाय टेकलेले. पुढे वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळ स्तनाकडे आणायचं. वाकलात तर दोन दिवसांत पाठ धरते.

२. बाळाचं पोट आईच्या पोटाला. डोकं, खांदे, कंबर एका रेषेत. आपण मान वळवून पाणी पिऊन बघा, घोट गिळायला किती जड जातं ते कळेल. हात फक्त डोक्याला न लावता खांदे आणि पाठीला आधार द्या.

३. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर येऊ द्या, तोंड नव्हे. स्तनाग्राने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. बाळ आधी तोंड अर्धवट उघडतं. तेव्हा द्यायचं नाही. जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकवा.

४. स्तन धरायचा असेल तर अंगठा वर आणि चार बोटं खाली, काळ्या भागापासून लांब. कात्रीसारखा दोन बोटांत धरला तर बोटंच बाळाच्या ओठांच्या आड येतात.

आता बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग बाळाच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतोय. या चारही खुणा असतील तर धरलेलं बरोबर आहे. सुरुवातीला भराभर चोखणं, मग संथ खोल ओढ, मधे थांबून घोट गिळणं असं चालतं. गाल आत ओढले जात असतील, 'च्यक-च्यक' आवाज येत असेल, किंवा पहिल्या काही क्षणांनंतरही दुखतच असेल, तर सोडवा. ओढून नाही. करंगळी धुवून बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते. पुन्हा पहिल्यापासून. पाच वेळा करावं लागलं तरी करा.

पाजून झाल्यावर स्तनाग्र बघा. गोल असेल तर उत्तम. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं दिसलं तर पकड चुकली होती.

स्तनाग्र चपटं असेल तर नवी १० किंवा २० मिलीची सिरिंज घ्या. सुई बसते ते टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड स्तनाला लावायची. दट्ट्या हळू ओढून अर्धा ते एक मिनिट धरा, मग सोडा. पाजण्याआधी असं चार-पाच वेळा. कापलेली बाजू स्तनाला लावली तर जखम होते, ही चूक बऱ्याच जणी करतात. पहिल्यांदा सिस्टरांच्या हातून करून घ्या.

दुसरी रात्र

पहिला दिवस झोपण्यात गेला, आता बाळ दर अर्ध्या तासाने मागतं. घेतं, सोडतं, रडतं, पुन्हा मागतं. ही उपाशीपणाची खूण समजू नका, बाळ पुढच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, जास्त सुटतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. "हिला झोपू द्या, बाळाला आम्ही बघतो" ही माया या दोन रात्री महागात पडते. बाळ उघड्या छातीशी ठेवा, वर चादर घ्या, कुशीवर झोपून पाजा. दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. सिझेरियन, साखरेचा आजार किंवा खूप रक्तस्राव झाला असेल तर एखादा दिवस उशीर लागतो.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. घड्याळ बघून नको. बाळ तोंड वळवतं, हात चोखतं, ओठ चाटतं तेव्हा घ्या. रडणं ही शेवटची खूण, रडून लाल झालेल्या बाळाला पकड जमत नाही. आधी उचलून शांत करा. पहिल्या आठवड्यात बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर कपडे सैल करून, तळपाय चोळून उठवा. एक बाजू पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी दाखवा.

पुरतंय की नाही हे स्तन चाचपून कळत नाही. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा, फिक्या रंगाची. शी पहिले दोन दिवस काळी डांबरासारखी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन आधी थोडं उतरतं. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० वर आलं तर घाबरायचं कारण नाही. २ किलो ७०० च्या खाली गेलं तर मात्र डॉक्टरांनी पाजणं प्रत्यक्ष बघायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यावं.

बाळ काचेत असेल तर

कमी वजनाचं, वेळेआधी झालेलं किंवा आजारी बाळ पेटीत ठेवलं की आई वॉर्डात आणि बाळ दुसरीकडे. अशा वेळी हाताने दूध काढायला लवकरात लवकर, निदान सहा तासांच्या आत सुरुवात करा, आणि दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी काढा.

हात साबणाने धुवा. वाटी-चमचा १० मिनिटं उकळून घ्या. ऊन फडक्याने स्तन दोन मिनिटं शेका, बोटांनी हलके गोल-गोल चोळा. आता अंगठा वर, तर्जनी खाली, स्तनाग्रापासून २-३ सेंमी मागे. आधी छातीच्या दिशेने दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. दाबा, सोडा. बोटं त्वचेवरून घसरवू नका, स्तनाग्र पिळू नका. पहिल्या मिनिटाला काहीच येत नाही, मग एकेक थेंब. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचं मिळून अर्धा चमचा निघालं तरी ते टाकायचं नाही, चमच्यातच धरा आणि तसंच नर्सकडे द्या. वाटीला चिकटून राहिलं तर तेवढ्यातच अर्धं जातं. बाळाला वाटी, चमचा किंवा बोंडल्याने द्यायचं, ओठाला कड टेकवून, बाळ स्वतः चाटेल तसं. घशात ओतायचं नाही. काढलेलं दूध झाकून बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास ठेवता येतं. तापवायचं असेल तर ऊन पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही.

दाटलं, चिरलं, ठणकलं

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन दगडासारखे होऊ शकतात. काळा भाग ताणून चकचकीत होतो आणि बाळाला धरता येत नाही. आधी थोडं हाताने काढून तो भाग मऊ करा, मग पाजा, नंतर गार फडकं ठेवा. पाजणं बंद केलं तर आणखी दाटतं. चिरा पडल्या तर पकड सुधारा आणि शेवटचे दोन थेंब चोळून वाऱ्यावर वाळू द्या. साबण लावू नका. एका जागी लाल, गरम, ठणकणारी गाठ आणि ताप-थंडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हाही पाजत राहायचं असतं.

घरातलं

मध, गुळाचं पाणी, साखरपाणी, एरंडेल, गुटी, सोनं उगाळून चाटवणं: यातलं काहीही नको. मधाने एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. सहाणेवरून जंतू पोटात जातात. पाणीसुद्धा सहा महिने नाही, उन्हाळ्यातही नाही. सासूबाईंना गुटीचा मान हवा असेल तर बाळाला अंघोळीनंतर पुसायचं, छातीशी द्यायचं, ढेकर काढायचा, हे सगळे मान त्यांचे. बाळाच्या छातीला सूज दिसली तर ती पिळू नका, आपोआप जाते.

बाळंतिणीला पाणी तोडायची पद्धत सोडा, तहानेप्रमाणे प्या. अळीव, मेथी, डिंकाचे लाडू, शेवग्याचा पाला, भाकरी-डाळ-भाजी सगळं खुशाल खा. दूध मात्र लाडवाने वाढत नाही, रिकामं होण्याने वाढतं. कर्नाटकात मातृपूर्ण योजनेतून २०१७ पासून अंगणवाडीत बाळंतिणीला गरम जेवण मिळतं, त्यासाठी नाव नोंदवा. शेक घ्यायचा तर कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, तो धूर आई-बाळ दोघांनाही घातक.

निपाणी भागातल्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. मशेरीतलं निकोटिन दुधात उतरतं. सुटत असेल तर सोडाच. सुटतच नसेल तर निदान पाजण्याआधी नको, पाजून झाल्यावर. पण मशेरीपायी पाजणं बंद करू नका. घरात विड्या वळत असाल तर हात कोपरापर्यंत धुवून, साडी बदलून बाळ घ्या, आणि तंबाखूचं सूप बाळाच्या खोलीत नको.

एचआयव्ही असेल तर औषधं चालू ठेवून कसं पाजायचं हे समुपदेशकाशी बाळंतपणाआधीच ठरवा. कावीळ बी (हिपॅटायटिस बी) असेल तर बाळाला १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोबुलिनचं इंजेक्शन दिलं की पाजता येतं.

थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा

बाळ चोखत नाही किंवा उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, पहिल्याच दिवशी पिवळेपणा, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे, दिवसभर शू नाही, हिरवी उलटी. १०८ ला फोन करा, आणि जाताना बाळ आईच्या छातीशी बांधूनच न्या.

घरी आल्यावर

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. सीमेपलीकडच्या माहेरी गेलेल्या बाळंतिणीचं नाव दोन्ही गावांच्या वहीतून निसटतं, म्हणून पोचल्या दिवशीच तिथल्या आशाताईला कळवा. ती आली की चहा-पाण्यात आणि वजनकाट्यात भेट संपवू नका. तिच्यासमोर एकदा बाळ पाजायला घ्या आणि पकड सुरुवातीपासून सुटेपर्यंत बघायला सांगा.